न फोडलेली कॅसेट

अंबादास येमूल दुकानात शिरला, की शेखलाल आधी स्वतःसाठी चहा सांगायचा. गिऱ्हाईक वाईट नव्हतं, घासाघीस करायचं नाही, पण वेळ किती खाईल याला सुमार नव्हता. सोलापूरच्या विजापूर वेशीतलं ते कॅसेटचं दुकान म्हणजे भिंतीला लावलेली काचेची कपाटं आणि मधे एक माणूस उभा राहील एवढी जागा. त्या जागेत अंबादास उभा राहायचा. टॉवेलच्या कारखान्यातली पाळी सुटल्यावर तसाच यायचा, केसांत कापसाचा भुरा. हवी ती कॅसेट मागायचा, आणि मग ती ऐकून बघायची सोडून हातात घेऊन उलटीपालटी करत बसायचा. वरच्या प्लास्टिकला टाचणीएवढं भोक नाही ना, कोपरा चेपलेला नाही ना, आतल्या चित्राचा रंग उन्हानं उडालेला नाही ना.

"लावून दाखवू का?" शेखलाल दर वेळी विचारायचा.

"नको नको. फोडू नका," अंबादास घाईघाईनं हात आडवा घालायचा.

"मग ऐकणार कधी, बाबा?"

"ऐकीन की. पुढची घेतली की."

शेखलालला आधी वाटलं, हा थट्टा करतोय. पण ते खरंच तसं होतं. नवी कॅसेट घरी गेली, की अंबादास ती ऐकायचा नाही. ती फळीवरच्या पत्र्याच्या पेटीत जायची. त्या पेटीत आधीपासून जी एक न फोडलेली पडून असायची, ती त्या दिवशी बाहेर निघायची. मग आंघोळ करून, स्वच्छ बनियन घालून तो टेपसमोर मांडी ठोकायचा, नखानं प्लास्टिकची पट्टी सोलायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. पेटीत एक तरी न ऐकलेली कॅसेट शिल्लक पाहिजे, हा त्याचा नेम. माणसाला एकेक खोड असते. याची ही होती.

ही खोड त्यानं मागावरून उचलली होती. मागावरचं बीम, म्हणजे ताण्याचं उभं सूत गुंडाळलेला रूळ, संपत आलं, तरी कुठलाही विणकर ते पुरतं संपू देत नाही. जुन्या ताण्याची टोकं हातात असतानाच नव्या बीमची टोकं त्यांना गाठी मारून सांधायची, धाग्याला धागा. टोकं एकदा निसटली, की सगळे धागे पुन्हा एकेक करून ओवत बसावं लागतं आणि माग तोवर मेल्यासारखा उभा राहतो. अंबादासच्या वडलांनी उभ्या जन्मात माग मोकळा पडू दिला नव्हता. पोराला त्यांनी दुसरं काही फारसं शिकवलं नाही, पण एवढं मनापासून शिकवलं.

बायको काशम्मा दारात बसून विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापलेली पानं. हात चालू ठेवून ती त्याला बोलायची. घरात ती तेलुगूतच बोलायची. म्हणायची, "लोकं जेवून उरलेलं झाकून ठेवतात. आमच्यात जेवायच्या आधीच झाकून ठेवतात." अंबादास हसायचा. त्याला हे बोलणं आवडायचं, म्हणून तो ते पुन्हा पुन्हा ओढवून घ्यायचा.

हे झालं बाकीच्या कॅसेटींचं. पण त्याचा खरा जीव होता तो 'धोटा'वर.

'धोटा' हा सोलापुरातल्या चार पोरांचा बँड. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडं सूत घेऊन पळतो तो. त्यातली दोघं साखर पेठेतल्या विणकरांच्या घरातली, एक बासरीवाला अक्कलकोटकडचा, आणि गाणारा इंजिनीअरिंग कॉलेजात वारंवार नापास होणारा. या पोरांनी मागाचा ठेका उचलून ड्रमवर बसवला आणि त्यावर पाळीची, भोंग्याची, गार झालेल्या चहाची गाणी केली. पुण्यामुंबईत त्यांना कुणी विचारलं नाही. पण अशोक चौकातल्या एका गणपतीसमोर ती पहिल्यांदा वाजवायला उभी राहिली, तेव्हा अंबादास गर्दीत होता. घरी आला तो जेवलाच नाही. दिवसभर ज्या आवाजानं डोकं उठतं, त्या आवाजाचं गाणं होतं, हे त्याला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं.

'धोटा'ची पहिली कॅसेट 'खडखडाट'. ती त्यानं घेतली आणि पेटीत ठेवली. वर्षाच्या आत दुसरी आली, 'पहिली पाळी'. ती पेटीत गेली, पहिली फुटली; धोटाची फोडायची ती धोटाचीच पुढची आल्यावर. त्यात एकदा पोरांच्या डोक्यात आलं, की परदेशातले बँड आपल्या नावाच्या वस्तू विकतात, तर आपणही विकू. काळे टी-शर्ट छापले, छातीवर पांढरा धोटा. आणि सोलापूरचा बँड म्हटल्यावर टॉवेल आलेच. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नाव विणलेले टॉवेल. त्याची ऑर्डर नेमकी अंबादासच्या कारखान्यात आली आणि त्यातले बरेचसे त्याच्याच मागावर निघाले. ते दिवस त्यानं जेवणाची सुट्टीसुद्धा धड घेतली नाही.

मग कार्यक्रमाच्या दिवशी रांगेत उभं राहून त्यानं तोच टॉवेल विकत घेतला. शेजारच्या मागावरचा मोईन त्याच्याबरोबर होता. मोईन म्हणजे लहानपणापासूनचा दोस्त, जिभेला हाड नसलेला. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "विणलास तू, आन् पैसे देऊन घेणारबी तूच? त्या दिवशी काखेत मारून आणला असतास तर मुकादम काय फाशी देणार होता?"

"चोरलेला टॉवेल माझा झाला असता," अंबादास म्हणाला. "धोटाचा न्हाय."

टी-शर्टही घेतला, एक माप मोठा. अंग पुढं सुटेल, हा हिशोब. तोही पेटीत गेला. पुढचा निघाला की हा घालायचा. पुढचा निघालाच नाही. अंग सुटलं, पुन्हा ओसरलं, टी-शर्ट त्याच्या अंगावर काही चढला नाही.

आता त्याच्या हातून झालेल्या चुकीचं सांगायला पाहिजे. ते सांगताना चीड येते, पण इलाज नाही.

मागांच्या शेडमधला आवाज बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. तिथं कुणी कुणाशी ओरडून बोलत नाही, कारण उपयोग नसतो. ओठ हलवायचे, हातानं खुणा करायच्या. जन्म तिथं काढलेली माणसं चार माग पलीकडच्याचे ओठ वाचतात, त्यात भांडतात, पोरांची लग्नं ठरवतात. मोईन कानात कापसाचे बोळे घालायचा. अंबादासला ते पटायचं नाही. बोळा नुसता दाराशी उभा राहतो, म्हणायचा, आवाज त्याला ढकलून आत येतोच. त्यानं वॉकमन घेतला. कान गाण्यानं भरला, की खडखडाटाला आत जागाच उरत नाही, असं त्याचं गणित. आणि मागांच्या वर गाणं ऐकू यायचं तर आवाज शेवटपर्यंत पिळायलाच लागतो. तो पिळायचा. पाळी लागल्यापासून सुटेपर्यंत, वर्षानुवर्षं, आधी एकटा 'खडखडाट', पुढं 'पहिली पाळी' फुटल्यावर दोन्ही आलटून पालटून. आपण कान वाचवतोय असं त्याला वाटायचं. त्याचं बघून आणखी दोघातिघांनी वॉकमन घेतले, ते वेगळंच.

तिसरी कॅसेट आली 'उरलेलं सूत'. नेमाप्रमाणं ती पेटीत गेली, 'पहिली पाळी' फुटली. आणि पुढच्या दिवाळीच्या आत बँड फुटला. गाणारा कुठल्याशा कंपनीत लागला, ड्रमवाला हैदराबादला मामाकडं गेला, बासरीवाल्याचा पत्ता कुणालाच नव्हता. चौथी कॅसेट काही आली नाही.

अंबादास शेखलालकडं चौकशी करायचा. "धोटाची नवी आली का?" शेखलाल आधी नीट उत्तर द्यायचा, मग नुसती मान हलवायचा, मग अंबादास पायरी चढायच्या आतच हात हलवू लागला. काचेच्या कपाटांत सीडी आल्या, सीडी गेल्या, मोबाइलची कव्हरं लटकली. अंबादास तरी वेशीकडं गेला की डोकावायचाच. पेटीतली 'उरलेलं सूत' तशीच होती, न फोडलेली. चौथी आल्याशिवाय तिसरी कशी फोडायची? टोकं निसटली असती.

मधल्या काळात एक गोष्ट झाली, ती त्याला कळायला वेळ लागला. 'पहिली पाळी'मधल्या एका गाण्यात मागं बारीक बासरी होती. ती एक दिवस ऐकूच येईना. अंबादासला वाटलं, घासून घासून टेप गेली. तो शेखलालकडं गेला, जुन्या मालातून तीच कॅसेट दुसरी शोधायला लावली. घरी येऊन लावली, तर तिच्यातही बासरी नाही. कंपनीनं फसवलं म्हणून तो आठवडाभर कुरकुरत होता. काशम्मा त्याच्याकडं बघत राहिली. तिला बासरी दोन्हीत ऐकू येत होती. पण तिला वाटलं, हा नेहमीसारखा काहीतरी खुसपट काढतोय.

घरात कुणाला संशय यायचं कारणही नव्हतं. विणकरांच्या गल्लीत सगळेच मोठ्यानं बोलतात. आणि अंबादास समोरच्याचे ओठ वाचून उत्तरं द्यायचा. आपण वाचतोय हे त्यालाही कळायचं नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं.

ओळखलं मोईननं. अशोक चौकातल्या टपरीवर दोघं उभे होते. मोईननं त्याच्याकडं तोंड करून विचारलं, "चहा घेणार का?"

"घेऊ की," अंबादास म्हणाला.

"आन् बिस्किट?"

"नको."

मोईननं अंबादासचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला आणि पुन्हा ओठ हलवले. गळा हलला नाही. "मी मघापासून आवाजच काढला न्हाय, अंबू," असं ते ओठ म्हणत होते.

अंबादासनं हात काढून घेतला. चहा आला, तो तसाच राहिला. मोईनला वाटलं, आपण हे असं रस्त्यात करायला नको होतं. पण झालं ते झालं.

डॉक्टरनं तपासलं, कानाला मशीन दिलं आणि मोईनसमोर सांगितलं, की गेलं ते परत येणार नाही आणि आहे तेही हळूहळू जाईल. काय ऐकायचं असेल ते ऐकून घ्या, असं तो सहज बोलून गेला. मशीन लावलं की अंबादासला सगळंच मोठं व्हायचं, भांडी, रिक्षा, स्वतःचा खोकला. गाणं मात्र शेडच्या बाहेर उभं राहून मागांचा गलका ऐकावा तसं यायचं. शब्द नाही, सूर नाही. मशीन काढून टेपला कान चिकटवला, तरच अजून थोडं काही लागायचं. कारखान्यातही दिवस फिरले. माग कानानं चालवायचा असतो. धागा तुटला की त्याचा आवाज बदलतो. कानात गाणं असतानाही अंबादासला तो बदल आजवर कळायचा, आता कळेना, अख्खे टॉवेल डागी निघू लागले. मालक भला माणूस, त्यानं काढून टाकलं नाही. घड्या घालायच्या कामावर बसवलं. वॉकमन अंबादासनं मोईनच्या नातवाला देऊन टाकला.

एवढं झाल्यावर कुणीही शहाणा माणूस काय करेल? पेटी उघडेल आणि ती कॅसेट फोडेल. काशम्मानं तेच सांगितलं. त्याच्यासमोर येऊन बसली, ओठ दिसतील असं तोंड केलं.

"फोडा ती एकदाची. कशाची वाट बघताय?"

"चौथी येऊ दे."

"ती पोरं आता पोराबाळांची झाली. कुटली चौथी न् कुटलं काय. तुमचे कान थांबणार हायेत का तुमच्यासाठी?"

अंबादास उठून बाहेर गेला. त्याला राग बायकोचा नव्हता आला. त्याला भीती वाटत होती. ती कॅसेट फोडली, की धोटाचं सगळं ऐकून झालं. मग पेटी रिकामी, मग पुढं काय? ती न फोडलेली होती तोवर त्याच्या ऐकण्याचं काहीतरी शिल्लक होतं. एकदा दुपारी घरात कुणी नसताना त्यानं पेटी खाली काढली, प्लास्टिकच्या पट्टीखाली नख घातलं. तसाच बराच वेळ बसला. तेव्हा त्याला डाव्या कानानं अजून थोडं ऐकू येत होतं. फोडली असती तर ऐकली असती. त्यानं नख काढून घेतलं आणि पेटी पुन्हा फळीवर ठेवली, छताच्या पत्र्याला लागून.

डावा कानही गेला. अगदी कधी, ते त्याला सांगता आलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात लावण्यानं बातमी आणली. लावण्या ही त्याची एकुलती एक मुलगी, एका खाजगी शाळेत शिकवते, बापाला तेलुगू रीतीनं नान्ना म्हणते. तिचं बालपण धोटाच्या दोन कॅसेटींवर गेलेलं. तिनं फोन त्याच्यासमोर धरला. फोटोत चार पोटं सुटलेली माणसं होती. अंबादासनं बासरीवाल्याला आधी ओळखलं.

"परत एकत्र आलेत, नान्ना," ती सावकाश ओठ हलवत म्हणाली. "नवीन गाणी काढलीत. सोलापुरात कार्यक्रम आहे."

अंबादास त्या दिवशी फार बोलला. मोईनकडं जाऊन आला, शेखलालकडं जाऊन आला. शेखलाल आता म्हातारा झालेला, दुकान पोरगा बघायचा. "चौथी आली," अंबादास त्याला सांगत होता, मोठमोठ्यानं, कारण आपला आवाज किती लागतो हे त्याला कळायचं नाही. शेखलालनं त्याला बसवून घेतलं. त्यानं चहा सांगितला, दोघांसाठी.

कार्यक्रमाला लावण्या त्याला घेऊन गेली. तिनं पेटीतला काळा टी-शर्ट घातला होता. कॉलेजात असल्यापासून तो ती मागून घ्यायची. पहिल्यांदा घातला तेव्हा अंबादासनं तोंड वाकडं केलं होतं. मैदानाच्या तोंडाशीच बँडचा स्टॉल होता. टी-शर्ट, टोप्या, चहाचे कप, टॉवेल. अंबादास सरळ तिथं गेला.

"नवी कॅसेट द्या," तो म्हणाला.

स्टॉलवरची मुलगी हसली, मग त्याच्या तोंडाकडं बघून हसायची थांबली. काय बोलली ते त्याला लागलं नाही, फार भराभर बोलली. तिनं एका पाटीवरचा, फोननं टिपायचा काळ्या ठिपक्यांचा चौकोन दाखवला. लावण्यानं त्याला आपल्याकडं वळवलं.

"कॅसेट नाही काढली, नान्ना. सीडी पण नाही. फोनवर आहेत गाणी."

"म्हंजे वस्तू न्हाय?"

"वस्तू नाही. नुसतं ऐकायचं."

अंबादासनं तिचे ओठ नीट वाचले. मग तो टॉवेलकडं वळला. एक उचलला, सवयीनं उलटा केला. मागची बाजू कोरी होती. नाव विणलेलं नव्हतं, वरून छापलं होतं. दोन धुण्यांत जाईल असला रंग. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यानं चार शब्द सुनावले असते. त्यानं टॉवेलची नीट घडी घातली, विकत घेतला आणि छातीशी धरला.

गाणी सुरू झाली तेव्हा त्यानं मशीन लावलं. गलका आला, नुसता गलका. त्यानं ते काढून खिशात टाकलं आणि गाणाऱ्याचे ओठ वाचायला लागला. पण गाणाऱ्यानं माइक तोंडाला लावलेला. ओठ दिसेनात. सगळं मैदान हात वर करून नाचत होतं. तो मान तिरकी करकरून माइकच्या मागचं तोंड बघायचा प्रयत्न करत होता. लावण्यानं ते पाहिलं आणि दुसरीकडं मान वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून, स्वच्छ बनियन घालून आला. फळीवरची पेटी काढली. आत नवा टॉवेल ठेवला. 'उरलेलं सूत' बाहेर घेतली.

"आता फोडायला हरकत न्हाय," तो काशम्माला म्हणाला. "नवीन आलंय घरात."

काशम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. ती सूप घेऊन दाराबाहेर गेली. विड्या मात्र वळल्या नाहीत, सूप मांडीवर घेऊन नुसती बसली.

अंबादासनं लावण्याला समोर बसवलं. "तू ऐक आन् मला सांग. शब्द जसे येतील तसे. आवाज नको काढू, नुसते ओठ. मी वाचतो." शेडमध्ये चार माग पलीकडून वाचायचा, तसं. त्यानं नख घातलं. प्लास्टिक सोलायची वेळ आली नाही, हात लावताच त्याचा चुरा झाला. त्यानं कॅसेट टेपमध्ये घातली आणि बटण दाबलं. टेप त्यानं दर दसऱ्याला पुसून, झेंडू वाहून नीट ठेवलेला.

लावण्याला आधी खर्र आवाज आला. मग एक लांब कण्हल्यासारखा सूर, मग काहीच नाही. तिला कळलं. सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा, पत्र्याला लागून पेटी. इतक्या वर्षांत आतली फीत एकमेकीला चिकटून गेली होती. तिनं बापाकडं पाहिलं. तो मांडी घालून, पुढं वाकून तिच्या तोंडाकडं बघत होता. लहान पोरानं ताटाकडं बघावं तसं.

तिनं ओठ हलवायला सुरुवात केली.

भोंगा झाला, उठ की आता. चहा गार व्हायला लागला.

अंबादासनं मान हलवली. ठेका धरायला हात मांडीवर आपटू लागला. ती एकेक ओळ सावकाश सांगत होती. चौकातला दिवा अजून जळतोय, पोरगं अजून निजलंय. सूत तुटलं तर गाठ मार, पाळी सुटायला वेळ आहे. मधेच थांबली, की तो वाट बघायचा, मग ती बोट वर करून हवेत नाचवायची. बासरी आली, असा त्याचा अर्थ.

तिसऱ्या ओळीलाच त्याला कळलं होतं. 'पहिली पाळी'मधलं दुसरं गाणं, मग त्याच कॅसेटमधलं शेवटचं, मधे 'खडखडाट'मधलं एक कडवं. शेडमध्ये हजारदा पिळून ऐकलेले शब्द. ते कुणाच्याही ओठांवर तो झोपेत ओळखला असता. त्यानं टेपच्या काचेतून आत पाहिलं. दोन्ही चाकं उभी होती. एकही फिरत नव्हतं.

त्याच्या मांडीवरचा हात क्षणभर थांबला. लावण्याचे ओठही थांबले. मग त्यानं पुन्हा ठेका धरला, आणि तिनं पुढची ओळ घेतली. तिचा खालचा ओठ थरथरत होता, त्यामुळं शब्द नीट वाचता येत नव्हते. त्याला वाचायची गरजही नव्हती.

अर्धा तास झाला असेल. आता दुसरी बाजू लावायची म्हणजे पोरीला पुन्हा पहिल्यापासून ते सगळं करावं लागणार, हे त्याच्या ध्यानात आलं. तिनं टेपकडं हात नेला, तेव्हा त्यानं तो मधेच धरला.

"लई चांगली गाणी हायेत," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा मोठा लागला, दाराबाहेर काशम्मानं ऐकला. "दुसरी बाजू आज नको. राहू दे."

त्यानं कॅसेट बाहेर काढली, डबीत घातली आणि पेटीत, छापलेल्या टॉवेलच्या घडीवर ठेवून दिली.